जत्रा फुटते तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

माझी सगळी नोकरी एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून झाली. हातात वही, तोंडात शिट्टी. मराठवाड्यातल्या कितीतरी जत्रा मी पाहिल्या, पण देव बहुतेक वेळा कळसावरूनच. देवळात गर्दी असते तेव्हा स्टँडवर सामसूम असते, आणि बघणाऱ्याला वाटतं, हे लोक बसलेत निवांत. खरी घालमेल तेव्हाच चाललेली असते. आत गेलेलं माणूस बाहेर कधी येईल, याचा हिशेब मांडत बसायचं.

कारण असं की, जत्रेला माणसं येतात सवडीनं. कुणी आदल्या दिवशी, कुणी पहाटे, कुणी दुपारची भाकरी खाऊन. जत्रा फुटते ती मात्र एकदम. पैठणची नाथषष्ठी घ्या. दिंड्या चालत येतात, गोदाकाठी राहुट्या पडतात. अष्टमीला सूर्यास्ताच्या सुमारास काल्याची हंडी फुटली, प्रसाद हातावर पडला, की जो तो गावाकडं तोंड करतो. माळेगावच्या खंडोबाचं तसं नाही. तिथं घोड्या-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड; आज एक येतो, उद्या दुसरा जातो. माळेगावला एखादी फेरी उशिरा आली तरी निभतं. पैठणला अष्टमीची संध्याकाळ हुकली की लेकराबाळांसकट रात्र फलाटावर.

पेपरात दरवर्षी छापून येतं, यंदा इतक्या जादा गाड्या. 2024 च्या आषाढीला पंढरपूरसाठी 5000 जादा गाड्यांचं नियोजन होतं. आकडा मोठा आहेच. पण मला कुणी गाड्यांचा आकडा सांगितला की मी आधी विचारतो, एक फेरी किती वेळाची?

तुळजापूरची कोजागिरी बघा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आई भवानी निद्रेला जाते आणि अश्विनी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या दिवसांत सोलापूरहून, कर्नाटकातून माणसांचे लोंढे पायी तुळजापूरला येतात. येताना पायी आणि जाताना यष्टीनं. म्हणजे आमची गाडी तुळजापूरला रिकामी यायची आणि भरून परत जायची. त्यात चालणाऱ्यांसाठी सोलापूरचा रस्ता वाहनांना बंद करतात. करायलाच पाहिजे, अंधारात अनवाणी माणसं चालत असतात. पण मग गाडीला वळसा पडतो.

आता पाटीवर मांडू. सोलापूर-तुळजापूर 45 किलोमीटर. समजा, सरळ रस्त्यानं जाणं, भरणं, परत येणं, सगळं धरून अडीच तास. आठ तासांच्या ड्यूटीत तीन फेऱ्या बसतात. वळशानं तीच फेरी चार तासांची झाली तर दोनच. गाड्या 50 धरा, एका गाडीत 45 माणसं. तीन फेऱ्यांत 6750 माणसं हलतात, दोन फेऱ्यांत 4500. गाडी एकही कमी झाली नाही, ड्रायव्हर तेवढेच, डिझेल उलट जास्त. तरी सव्वादोन हजार माणसं मागं राहिली. म्हणून रस्ता कुठून वळवायचा हे पोलिसांचं आणि आगाराचं एका टेबलावर बसून ठरलं पाहिजे, तेही पंधरा दिवस आधी.

दुसरा वेळ जातो दारात. गाडीला दार एक, आणि गाडी लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, कधी कधी अख्खं पोरगंच आत. मग आत गेलेला आणि रुमालवाला यांची जुंपते. जत्रेत यावर उपाय म्हणजे दोरी बांधून रांग करायची आणि वाहकानं खाली उभं राहून आधीच तिकिटं फाडायची. आता फाडायची नसतात म्हणा, मशीन आलं. 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट. चांगलंच झालं, जत्रेत म्हाताऱ्या बायांची संख्या डोळ्यांना दिसते एवढी वाढली. पण एकेका आजोबांचं आधार कार्ड धोतराच्या कनवटीतून, प्लास्टिकच्या तीन पिशव्यांतून बाहेर येईपर्यंत मागची रांग आरडाओरडा करते. म्हणून जत्रेच्या दिवशी खाली दोन वाहक जास्तीचे लागतातच.

एक चूक माझीही सांगतो. एका जत्रेत मी रात्री सगळ्या गाड्या फलाटावर एकामागं एक लावून ठेवल्या, भरेल तशी सोडू म्हणून. मागच्या सहा खच्चून भरल्या. सगळ्यांत पुढची भरेना, कारण तिच्या गावची माणसं अजून दर्शनाच्या रांगेत. बाजूनं काढायला जागा नाही. पाऊण तास सहा गाड्या जागच्या जागी घुरघुरत उभ्या. एका म्हातारीनं खिडकीतून डोकं काढलं आणि मला म्हणाली, "बाप्पा, ही यष्टी चालू हाय, मग जाईना काहून?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून मी गाड्या लांब मोकळ्या शेतात उभ्या करायचो आणि एका दिशेची एकच गाडी फलाटावर बोलवायचो. पंढरपुरात हेच मोठ्या प्रमाणावर करतात. भीमा, चंद्रभागा, विठ्ठल, पांडुरंग अशी गावाबाहेर तात्पुरती स्थानकं आणि ज्या त्या दिशेची गाडी ज्या त्या स्थानकातून.

आणि या जादा गाड्या येतात कुठून? आभाळातून पडत नाहीत. कुठल्या तरी गावाची मुक्कामी गाडी रद्द होते. नाथषष्ठी फाल्गुनात, म्हणजे बहुतेक वेळा मार्चमध्ये, बोर्डाच्या परीक्षांच्या आसपास. जत्रेला गाडी दिली आणि तिकडं पाच-सहा मुली पेपरला रस्त्यावर हात करत उभ्या राहिल्या, तर तो हिशेब कुणाच्या वहीत लिहायचा? माझं मत विचाराल तर शाळेची सकाळची फेरी कुठल्याही देवासाठी मोडू नये.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. जत्रेत गाडीतून उतरलात की देवळाकडं वळण्याआधी वाहकाला विचारा, आमच्या गावची परतीची गाडी कुठून सुटणार? बरोबर म्हातारं माणूस असेल तर त्याला ती जागा नेऊन दाखवा, खूण म्हणून एखादं झाड, हॉटेल, काहीही. चुकामूक झाली तर तिथंच थांबायचं हे ठरवून ठेवा. आणि रुमाल तेवढा खिशातच असू द्या. नमस्कार.