पाळकाची वर्गणी

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, टॉमी डग्लस हे नाव आपल्याकडं फारसं कोणी घेत नाही. कॅनडात २००४ साली सीबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं प्रेक्षकांचा कौल घेतला, तेव्हा ‘सर्वांत थोर कॅनेडियन’ म्हणून लोकांनी त्यांना निवडलं. आधी बाप्टिस्ट चर्चचे पाळक, मग खासदार, मग सतरा वर्षं सस्कॅचवान प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या हिशेबानं मुख्यमंत्री. त्यांच्या वक्तृत्वाचं कौतुक पुष्कळ होतं. माझ्या मते त्यांचं खरं कसब कामांचा क्रम लावण्यात होतं, आणि तो क्रम मोडला तिथंच त्यांची सरकारी आरोग्य विम्याची योजना अडकली.

जन्म १९०४ चा, स्कॉटलंडमधला. वडील ओतकाम करणारे कामगार. १९१० साली कुटुंब कॅनडात विनिपेगला आलं. पोराच्या पायाच्या हाडाला संसर्ग झालेला, पाय कापायची वेळ आली होती. विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया बघू देणार असाल तर फुकट करतो, असं एका सर्जननं सांगितलं आणि पाय वाचला. हा प्रसंग प्रत्येक चरित्रात येतो. छापखान्यातली उमेदवारी, १९१९ च्या विनिपेग संपातला गोळीबार छतावरून पाहणं आणि १९२२ साली मिळवलेलं मॅनिटोबाचं मुष्टियुद्धाचं अजिंक्यपद, हेही त्याच काळातलं. गिरणगावात वाढलेल्या माणसाला यातलं काही परकं वाटू नये.

१९३० साली ते सस्कॅचवानमधल्या वेबर्न गावात पाळक म्हणून रुजू झाले. ज्वारीच्या जागी गहू धरा, की तो मुलूख सोलापूरकराला लगेच कळतो. सगळी जिरायत, पाऊस बेभरवशाचा. त्या दशकात पाऊस गेला, गव्हाचा भाव कोसळला आणि वाऱ्यानं शेतातली वरची माती उडवून नेली. उपचाराला पैसे नाहीत म्हणून दगावलेल्यांचे अंत्यविधी या पाळकानं केले. १९३१ साली जवळच्या एस्टेव्हनमध्ये संपावरचे तीन खाणकामगार पोलिसांच्या गोळीबारात मेले. डग्लस यांनी कामगारांची बाजू घेतली, तेव्हा चर्चमधल्या काहींच्या कपाळावर आठ्या पडल्या. १९३४ ची प्रांतिक निवडणूक ते हरले, १९३५ साली सीसीएफ या समाजवादी पक्षातर्फे संसदेत गेले.

एक डाग आहे, तो लपवू नये. १९३३ साली मॅकमास्टर विद्यापीठाला दिलेल्या एम.ए.च्या प्रबंधात त्यांनी ‘मंदबुद्धी’ ठरवलेल्यांच्या नसबंदीची शिफारस केली होती. पुढं स्वतः आरोग्यमंत्री झाल्यावर तशी सूचना पुढं आली, ती त्यांनी मानली नाही. प्रबंध मात्र कागदावर आहेच.

१९४४ साली ५२ पैकी ४७ जागा जिंकून ते प्रीमियर झाले आणि आरोग्य खातं स्वतःकडं ठेवलं. जॉन्स हॉपकिन्सचे प्राध्यापक हेन्री सिगरिस्ट यांना बोलावून त्यांनी आरोग्याची पाहणी करून घेतली. हेच सिगरिस्ट त्याच वर्षाच्या अखेरीस आपल्याकडं, देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीला सल्ला द्यायला आले होते.

आता क्रम बघा. प्रदेश महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा, माणसं साडेआठ लाखांच्या आत, म्हणजे आजच्या सोलापूर शहरापेक्षाही कमी. तिजोरीत खडखडाट. सगळ्यांना सगळं एकदम देणं शक्यच नव्हतं. म्हणून १९४५ च्या सुरुवातीला वृद्ध निवृत्तिवेतनधारक आणि त्यांच्यासारख्या निराधारांना मोफत उपचार, शिवाय कर्करोगाचा खर्च सरकारकडं. गट लहान, गरज मोठी. त्याच वेळी रुग्णालयं बांधायला अनुदान सुरू झालं. हे आधी करणं भाग होतं, कारण खाटा नसताना विमा दिला तर लोकांच्या हातात नुसतं कार्ड राहतं आणि दारात रांग लागते.

मग १ जानेवारी १९४७ ला रुग्णालय विमा आला. वर्गणी माणशी वर्षाला ५ डॉलर, कुटुंब कितीही मोठं असलं तरी कमाल ३० डॉलर. नोंदणी सक्तीची. ऐच्छिक ठेवली असती तर आजारी तेवढे आले असते, धडधाकट बाहेर राहिले असते आणि वर्गणी दरवर्षी चढत गेली असती. वसुली स्थानिक पालिकांकडं दिली, कारण प्रत्येक घराची कराची नोंद त्यांच्याकडं होतीच. वर्गणीतून सगळा खर्च निघत नव्हता, उरलेला भार प्रांताच्या महसुलावर पडला.

इथं आपल्या कामगार विम्याशी ताडून बघा. १९४८ च्या कायद्यानं आपण वर्गणी नोकरीला बांधली. हजेरीपटावर नाव आहे तोवर कार्ड चालतं. गिरणी बंद पडली की थोड्या काळानं हक्कही संपतो. दहापेक्षा कमी माणसांच्या यंत्रमागाच्या शेडला तर तो सहसा लागूच होत नाही. सस्कॅचवानमध्ये हक्क राहत्या घराला बांधलेला होता. शेतकऱ्यांच्या प्रांतात दुसरा मार्गही नव्हता. तिथं मालक कोण आणि पगार कुणाचा?

डॉक्टरांच्या फीचा विमा त्यांनी मुद्दाम मागं ठेवला. १९४६ पासून तो फक्त स्विफ्ट करंट या एका विभागात चालवून पाहिला. प्रांतभर न्यायला पैसा हवा होता, तो १९५८ साली मोकळा झाला, कारण रुग्णालयांचा साधारण निम्मा खर्च केंद्र सरकार उचलू लागलं. १९५९ साली डग्लस यांनी पाच तत्त्वं जाहीर केली: आगाऊ वर्गणी, सर्वांना लागू, दर्जा चांगला, कारभार सार्वजनिक, आणि पाचवं, सेवा देणारा व घेणारा दोघांनाही मान्य.

घोडं पेंड खाल्लं ते या पाचव्यावर. कायदा नोव्हेंबर १९६१ मध्ये डॉक्टरांच्या संमतीविना झाला. त्याच महिन्यात डग्लस सीसीएफच्या जागी आलेल्या नव्या एनडीपी पक्षाचं नेतृत्व करायला पद सोडून गेले आणि निस्तरणं नवे प्रीमियर वुड्रो लॉइड यांच्यावर आलं. ही वेळ साफ चुकली, असं माझं मत आहे. योजना चालवणाऱ्या आयोगाचे अधिकार मोघम आणि अफाट होते. आपण सरकारी नोकर होणार, असं डॉक्टरांनी धरलं. योजना एप्रिलवरून १ जुलै १९६२ वर ढकलली, तरी त्या दिवशी बहुतेक दवाखाने बंद झाले. एक जोडपं नऊ महिन्यांच्या आजारी बाळाला घेऊन गावोगाव गाडी फिरवत राहिलं; यॉर्कटनला पोचेपर्यंत बाळ गेलं होतं. सरकारनं ब्रिटनहून डॉक्टर आणवले, लोकांनी स्वतःचे सहकारी दवाखाने काढले. संप २३ दिवस चालला. ब्रिटनचे लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली. ते स्वतः डॉक्टर असल्यानं दोन्ही बाजू त्यांच्याशी बोलायला तयार झाल्या. तडजोड अशी झाली की डॉक्टरानं सरकारी यंत्रणेबाहेर राहून थेट रुग्णाकडून फी घ्यायला हरकत नाही. रुग्णाला ठरलेल्या दरपत्रकाच्या ८५ टक्के परत मिळतील. हेच आधी लिहून दिलं असतं तर?

संपाच्या तोंडावर, १८ जूनला, खुद्द डग्लस रेजायनात लोकसभेची जागा हरले होते. ऑक्टोबरमध्ये ते ब्रिटिश कोलंबियातून पोटनिवडणुकीनं संसदेत परतले. १९६६ साली प्रांतांच्या अशा विम्याला पैसा देणारा केंद्राचा वैद्यकीय सेवा कायदा झाला आणि १९७२ पर्यंत सगळे प्रांत त्यात आले.

सस्कॅचवानमध्ये लॉइड १९६४ ला पडले. नव्या लिबरल सरकारनं योजना मोडायची हिंमत केली नाही, पण १९६८ पासून दवाखान्यात येणाऱ्याकडून दर भेटीला दीड डॉलर घ्यायला सुरुवात केली. उगाच येणारे कमी होतील, हा त्यामागचा हिशेब. अभ्यासकांनी नोंदी तपासल्या, तर डॉक्टरकडं जाणं कमी केलं होतं मुख्यतः गरिबांनी. १९७१ साली एनडीपी पुन्हा सत्तेवर आली आणि हे शुल्क रद्द झालं. १९७४ मध्ये वर्गणीही.