व्हीआरएफमधले रूट वाटताना फिल्टर कुठे लावायचा

नमस्कार. एका स्विचवर दोन व्हीआरएफ, म्हणजे रूटची (पॅकेटच्या वाटांची) दोन स्वतंत्र टेबले, केली की दोन नेटवर्क वेगळी होतात, आणि लवकरच ती थोडी जोडायची वेळ येते. कारण नावावरून पत्ता शोधून देणारा डीएनएस एकच असतो, घड्याळ जुळवणारा एनटीपी सर्व्हर एकच असतो, इंटरनेटची लाइनही एकच असते. मग कोणीतरी सांगते, 'तेवढा एक रूट लीक कर ना.' लीक म्हणजे एका व्हीआरएफमधला रूट दुसऱ्याच्या टेबलात देणे. त्या रूटच्या पाठोपाठ आणखी काय जाते आणि ते कुठे अडवायचे, याबद्दल मला आज बोलायचे आहे.

रूट डिस्टिंग्विशर वेगळा दिला की रूट अडतात, हा गैरसमज आधी दूर करू, कारण कामाला नव्याने लागलेल्या मुलांमध्ये तो मला सारखा दिसतो. एरिक रोझेन आणि याकोव्ह रेख्टर यांनी १९९९ साली आरएफसी २५४७ लिहिले. आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज. २००६ साली त्याची जागा आरएफसी ४३६४ ने घेतली. त्यात प्रत्येक रूटला दोन वेगळ्या गोष्टी लावल्या आहेत. रूट डिस्टिंग्विशर आठ बाइटचा असतो आणि तो फक्त ओळख वेगळी ठेवतो, म्हणजे दोन ग्राहकांनी १०.०.०.०/८ मधले तेच पत्ते वापरले तरी बीजीपीत, म्हणजे राउटर एकमेकांना रूट कळवतात त्या प्रोटोकॉलमध्ये, ते एकमेकांवर चढत नाहीत. कोणता रूट कोणत्या टेबलात जाणार हे ठरवतो तो रूट टार्गेट. ही रूटला लावलेली खूण: एक व्हीआरएफ ती लावून रूट एक्सपोर्ट करतो, दुसरा ती बघून इम्पोर्ट करतो. डिस्टिंग्विशर वेगळा दिला म्हणून काहीही अडत नाही. अडवायचे असेल तर इम्पोर्ट-एक्सपोर्टच्या टार्गेटवर आणि त्यानंतर रूट मॅपवर, म्हणजे कोणता रूट घ्यायचा आणि कोणता सोडायचा या नियमांवर, लक्ष द्या.

एक कॉलेज घेऊ. पत्त्यांच्या गटाला प्रिफिक्स म्हणतात; तिरक्या रेघेनंतरचा आकडा जितका मोठा, तितका प्रिफिक्स लांब आणि गट छोटा. तीन व्हीआरएफ: कार्यालय १०.१०.०.०/१६, विद्यार्थी १०.२०.०.०/१६ आणि सेवा १०.५०.०.०/१६. सेवांमध्ये डीएनएस आहे १०.५०.१.० च्या सबनेटमध्ये, आणि स्विचचे मॅनेजमेंट आहे १०.५०.९९.० मध्ये. विद्यार्थ्यांच्या व्हीआरएफमध्ये सेवेचा टार्गेट, समजा ६५०००:५०, इम्पोर्ट केला. नुसते एवढेच केले, तर डीएनएसबरोबर मॅनेजमेंटचा सबनेटही त्यांच्या टेबलात येतो. हॉस्टेलमधल्या लॅपटॉपवरून स्विच दुरून चालवायची एसएसएच खिडकी उघडायला आता फक्त पासवर्डचीच अडचण उरली. म्हणून इम्पोर्टवर रूट मॅप हवा आणि त्यात प्रिफिक्स लिस्ट, म्हणजे कोणते प्रिफिक्स चालतील याची यादी, हवी: १०.५०.१.०/२४ परमिट, बाकी काही नाही. लिस्टच्या शेवटी न लिहिलेला डिनाय असतोच.

इथे एक गोष्ट सगळ्यात जास्त चुकते. फिल्टर निवड करतो, कापत नाही. सेवेच्या टेबलात १०.५०.१.०/२४ हा जोडलेला रूट आहे आणि तुम्हाला विद्यार्थ्यांना फक्त १०.५०.१.१० द्यायचा आहे. लिस्टमध्ये १०.५०.१.१०/३२ लिहिलात, तर काहीच जाणार नाही, कारण तसा रूट मूळ टेबलात नाहीच. मग घाईत कोणीतरी /२४ मोकळा करते आणि त्या सबनेटमधला बॅकअप सर्व्हरही सगळ्यांना दिसू लागतो. माझे ठाम मत आहे की फिल्टरचे निम्मे काम पत्ते आखतानाच होते. वाटायचे सर्व्हर एका छोट्या, वेगळ्या सबनेटमध्ये ठेवा, /२८ पुरेल. मग एका ओळीत नेमके तेवढेच देता येते. ते जमत नसेल तर इंटरफेसवर एसीएल, म्हणजे पत्ता आणि पोर्ट बघून पॅकेटे गाळणारी यादी, लावा. रूट फिल्टर पोर्ट बघत नाही. पॅकेटला वाट मिळाली, की डीएनएसचा ५३ आणि एसएसएचचा २२ त्याला सारखेच.

परतीची वाट तितकीच महत्त्वाची. सर्व्हरचे उत्तर परत जायचे, तर सेवा व्हीआरएफला विद्यार्थ्यांचे रूट घ्यावे लागतात, आणि तिथे बहुतेक जण फिल्टर लावतच नाहीत. 'ती तर आपली बाजू', असे म्हणतात. २४ फेब्रुवारी २००८ आठवा. पाकिस्तान टेलिकॉमने देशातल्या देशात यूट्यूब बंद करण्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ चा रूट केला, तो बाहेर पीसीसीडब्ल्यू या दुसऱ्या टेलिकॉम कंपनीकडे गेला, त्यांनी न गाळता पुढे पाठवला. यूट्यूब स्वतः /२२ जाहीर करत होते. /२४ जास्त नेमका, म्हणून जगभरातली पॅकेटे तिकडे वळली. ही गोष्ट इंटरनेटवरची, पण तुमच्या स्विचमधला नियम तोच आहे: लांब प्रिफिक्स जिंकतो. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेत कोणी १०.५०.१.१०/३२ चा रूट केला आणि तुमचा सेवा व्हीआरएफ सगळेच इम्पोर्ट करत असेल, तर सेवांच्या टेबलात तुमच्याच डीएनएसचा पत्ता प्रयोगशाळेकडे वळेल. म्हणून विद्यार्थ्यांकडून १०.२०.०.०/१६ एलई २४ (म्हणजे त्या गटातले, /२४ पर्यंतचे रूट) एवढेच घ्या. ज्याची जी रेंज, त्याच्याकडून तीच.

आता डिफॉल्ट रूट, म्हणजे दुसरी कोणतीही वाट जुळली नाही तर वापरायची वाट. रूट टार्गेटने आलेला रूट तिथून तिसऱ्या व्हीआरएफला आपोआप एक्सपोर्ट होत नाही, त्यामुळे विद्यार्थ्यांच्या टेबलात कार्यालयाचा एकही रूट दिसणार नाही. पण इंटरनेटसाठी ०.०.०.०/० लीक केला, की १०.१०.५.५ चे पॅकेट त्या डिफॉल्टने फायरवॉलकडे जाते. फायरवॉलवर १०.०.०.०/८ चा रूट परत सेवा व्हीआरएफकडे बोट दाखवतो, आणि त्या व्हीआरएफला कार्यालय माहीत आहे. नियम ढिले असतील तर पॅकेट वळसा घालून कार्यालयात पोचले. प्रिफिक्स लिस्ट कितीही वाचा, हे तिथे दिसणार नाही. विद्यार्थी व्हीआरएफमध्ये १०.०.०.०/८ नल झिरोला, म्हणजे आलेले पॅकेट टाकून देणाऱ्या खोट्या इंटरफेसला, टाका. त्यांचा /१६ आणि लीक केलेला छोटा सबनेट जास्त नेमके असल्याने चालू राहतात, बाकी सगळे १० तिथेच संपते. फायरवॉलचा नियमही लिहा, पण स्विचवरची ही एक ओळ मला फार आवडते.

उपकरणांचे वागणे सारखे नाही. सिस्कोच्या नेक्सस स्विचवर डिफॉल्ट व्हीआरएफमधून रूट घेताना रूट मॅप द्यावाच लागतो आणि ठरवून बदलले नाही, तर १००० प्रिफिक्सची मर्यादा असते. हे मला योग्य वाटते. एफआरआर या राउटिंग सॉफ्टवेअरमध्ये 'इम्पोर्ट व्हीआरएफ' मॅपशिवायही चालतो, म्हणून 'इम्पोर्ट व्हीआरएफ रूट मॅप' ही ओळ आठवणीने घाला. रूट मॅपमध्ये नाव आहे पण त्या नावाची प्रिफिक्स लिस्टच बनवलेली नाही, अशा वेळी काही ठिकाणी सगळे मोकळे सुटते. बीजीपीच्या बाहेरच्या शेजाऱ्यांबाबत आरएफसी ८२१२ ने २०१७ साली ठरवले की पॉलिसी नाही तर रूट नाही. व्हीआरएफमध्येही तसेच हवे. तोवर आपण आधी लिस्ट बनवावी, मग रूट मॅप, आणि इम्पोर्टची ओळ सगळ्यात शेवटी.

तपासताना पिंग लागला म्हणून थांबू नका. जे लागायला नको, ते लागत नाही ना हे बघा: विद्यार्थी व्हीआरएफचा सोर्स देऊन १०.५०.९९.१ ला आणि १०.१०.५.५ ला. मग दोन्ही टेबले उघडा आणि लीक झालेला प्रत्येक रूट लिस्टमधल्या ओळीशी जुळवा. एखादा जुळला नाही, तर त्याच दिवशी शोधा.