एक सेटर गणपतीला गावी गेला आणि तीन मशीन बंद पडल्या

नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत मी ज्या मशीन शॉपमध्ये कामाला होतो तिथे चार व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीन होत्या आणि सेटिंग करणारा माणूस, म्हणजे सेटर, एकच. आम्ही त्याला दादा म्हणायचो. नवीन जॉब आला की फिक्स्चर (जॉब पकडून ठेवणारा साचा) लावणं, टूल ऑफसेट घेणं (कुठलं टूल किती लांब ते मशीनला सांगणं), पहिला पीस काढून क्वालिटीकडून पास करून घेणं सगळं दादाच करायचा, आणि आम्ही ऑपरेटर म्हणजे जॉब लावा, सायकल स्टार्ट दाबा, काढा, हवा मारा, परत लावा. मग गणपती आले, दादा दहा दिवस कोकणात, आणि इकडे चालू लॉट संपत गेला तशा एकेक करून तीन मशीन थांबल्या. शेठ फोनवर फोन लावतायत, गावात रेंज नाही. ऑपरेटर सगळे हजर, पगार चालू, पण सेटिंग कोणालाच येत नव्हती कारण शिकवलीच नव्हती कोणी.

म्हणून आजचा विषय, कामावरच्या माणसाला कामावरच शिकवणं आणि पुढच्या पायरीवर नेणं. ऐरोलीला माइंडस्पेसमध्ये वगैरे जा, मोठ्या कंपन्यांत यासाठी वेगळं डिपार्टमेंट असतं. वीस-पंचवीस माणसांच्या कारखान्यात मात्र हा विषय निघतच नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की खरी गरज तिथेच जास्त आहे, कारण मोठ्या कंपनीत एक गेला तर दुसरा असतो, तुमच्याकडे एक गेला की मशीनच थांबते.

आता शेठ लोकांचं म्हणणं मला माहितीये. शिकवलं की पोरगं दोन हजार जास्त मिळाले म्हणून महापेला दुसऱ्या कंपनीत जातं. ही भीती खोटी नाही. गॅरी बेकर म्हणून अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ होते, १९९२ ला नोबेल मिळालं त्यांना, त्यांनी १९६० च्या दशकातच हे मांडलं की जे कौशल्य कुठेही चालतं त्याचा खर्च मालक सहजासहजी करत नाही आणि जे फक्त तुमच्याच कामाचं आहे त्यावर करतो. पण सेटिंगचं बघा ना, ऑफसेट कसा घ्यायचा हे कुठेही चालेल, पण तुमची कुठली मशीन गरम झाल्यावर किती सरकते, तुमच्या कस्टमरच्या ड्रॉइंगमध्ये कुठलं डायमेंशन खरंच क्रिटिकल आहे, हे तुमच्याच शॉपमध्ये कळतं. आणि न शिकवलेलं पोरगंही जातंच हो! मी गेलो. दीड वर्ष तेच बटण दाबत होतो, सेटिंग शिकू का विचारलं की उत्तर एकच, बघू.

खर्चाचं म्हणाल तर हिशोब करू. समजा ऑपरेटरला महिना २०,००० पगार, २६ दिवस, रोज ८ तास, म्हणजे तासाला साधारण ९६ रुपये. आठवड्याला दोन तास शिकायला दिले तर महिन्याला पावणेआठशेच्या आसपास. शिकवणाऱ्याचा वेळ आणि दोन-चार तुटलेली टूल्स धरा वर. आणि आता एका दिवसाला तीन मशीन बंद राहिल्या तर किती जातात ते तुमचं तुम्ही काढा.

शिकवायचं कसं, तर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत एकदम नवीन माणसं भरावी लागली तेव्हा एक साधी चार टप्प्यांची पद्धत बसवली होती. आधी माणसाला तयार करा, मग करून दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, आणि नंतर अधूनमधून बघत राहा. युद्धानंतर ती जपानला गेली, टोयोटानेही उचलली. आपल्याकडे दुसरा टप्पा झाला की संपलं, दादा भराभर दाखवतो आणि विचारतो, कळलं ना? पोरगं हो म्हणतं. त्याच्या हातून करून घ्या, चुकू द्या, चुकताना कोणीतरी शेजारी उभं राहा.

स्किल मॅट्रिक्स, म्हणजे एकेका रांगेत एकेक काम आणि ते कोणाला किती येतं याचे गोल असलेला तक्ता, तो तर तुमच्या भिंतीवर असेलच, ऑडिटच्या आदल्या रात्री भरलेला. तो खरा भरा. पाव गोल म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे देखरेखीखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. ज्या रांगेत पूर्ण गोल एकच आहे तिथून सुरुवात करा. आणि गोल भरला की पगारात किती फरक पडणार ते आधीच सांगा, नाहीतर पोरं का शिकतील?

आयटीआयची पोरं घेत असाल तर अप्रेंटिसशिपच्या केंद्राच्या योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के वाटा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं. तीस किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. पण त्याला वर्षभर झाडू आणि चहाला लावू नका, प्लीज.

एक गोष्ट कोणी बोलत नाही ती दादाची. त्याने सगळ्यांना शिकवलं तर त्याची किंमत काय राहिली? त्याला ही भीती असते आणि ती रास्त आहे, म्हणून तो अर्धंच सांगतो. मी नंतर ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये कामाला लागलो तिथल्या मालकांनी हे ओळखलं होतं. ज्याला शिकवाल त्याने एकट्याने पहिला पीस पास केला की सिनियर सेटरला दर महिना जादा भत्ता, कायमचा. तिथला सेटर स्वतः हाक मारायचा, ये रे, हे बघून ठेव. त्या वर्षी तोही गणपतीला गेला. पहिला पीस पास करायला त्याला पाऊण तास लागायचा, मला चार तास लागले, घाम फुटला, दोनदा क्वालिटीने परत पाठवला. संध्याकाळच्या टेम्पोत माल गेला.