सफारीला निघताय? टिपचं घरूनच ठरवून निघा

माइक मागेपर्यंत येतोय ना? हां, बरं. तर मला दिलेला विषय तसा पाच मिनिटांचा वाटतो, आफ्रिकेतल्या सफारीत टिप किती आणि कोणाला द्यायची. पण ग्रुप घेऊन जाताना सगळ्यात जास्त कुजबूज कशावरून होत असेल तर ती याच्यावरूनच. शेवटच्या रात्री जेवणाच्या टेबलावर कोणीतरी हळूच विषय काढतं, मग एक जण म्हणतो पाच डॉलर, दुसरा म्हणतो मागच्या वेळी आमच्या मेव्हण्यांनी दिलेच नव्हते, तिसरा मोबाइल काढून गुणाकार करतो आणि ओरडतो, अहो हे तर एवढे हजार झाले! आणि हे सगळं मराठीत चाललेलं असतं म्हणून आपल्याला वाटतं ड्रायव्हरला काही कळत नाही. त्याला सगळं कळतं हो. नोटा मोजतानाचे चेहरे जगात सगळीकडे सारखेच.

आपली सवय ताडोबाची. जिप्सीत बसलो, वाघ दिसला तर गाइडच्या हातावर पाचशे, नाही दिसला तर नुसतं थँक्यू. मला हे ताडोबातही पटत नाही, पण तिथे निदान साडेतीन-चार तासांचा मामला असतो आणि गाइड गेटवरच उतरून आपल्या गावात घरी जातो. केनियात किंवा टांझानियात तसं नसतं. तिकडे जो माणूस गाडी चालवतो तोच गाइड, आणि नैरोबीला किंवा अरुशाला तुम्हाला घेतो तिथपासून सोडेपर्यंत तोच एक माणूस तुमच्याबरोबर असतो. पहाटे तुम्ही डोळे चोळत चहा पिताय तोवर त्याने गाडी पुसलेली असते, कूलबॉक्समध्ये पाण्याच्या बाटल्या भरलेल्या असतात. मसाई मारात, म्हणजे केनियातल्या त्या प्रसिद्ध अभयारण्यात, पाऊस झाला की रस्त्याचं काय होतं ते विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगायला नको, तीच काळी कपाशीची माती, चाक रुतलं की रुतलं, मग हा गडी चिखलात उतरून लाकडं घालतोय, दोर बांधतोय, आणि आपण वर उघड्या छतातून व्हिडिओ काढतोय. शिवाय रेडिओवर स्वाहिलीत दुसऱ्या गाड्यांशी सतत बोलणं चालू, कुठे चित्ता दिसला, कुठे सिंहिणींनी शिकार केली. केनियात गाइडची परीक्षा असते, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्या असतात, अभ्यास करून द्यावी लागते. आणि यातले बरेचसे लोक पगारी नसतात, काम असेल तेवढ्या दिवसांचे पैसे. एप्रिल-मेच्या लांब पावसात टुरिस्ट कमी झाले की घरी बसायचं. तर बिबट्या झाडावरून उतरून पलीकडे निघून गेला हा त्या माणसाचा दोष नाही, त्याचा दिवस तेवढाच मोठा होता. तुम्ही टिप देता ती त्या दिवसाची.

आता आकडा. सगळे त्याचीच वाट बघताय. केनिया-टांझानियात ड्रायव्हर-गाइडला माणशी दिवसाला १० डॉलर हा साधारण चालणारा हिशोब आहे, काम मनापासून आवडलं तर १५. गाडीत सहा जण असाल आणि थोडे कमी केलेत तर कोणी नाव ठेवत नाही, पण गाडीत फक्त दोघंच असाल तर माणशी जरा सढळ द्या, कारण दोघं काय नि सहा काय, त्याला गाडी तेवढीच चालवायची असते. सहा दिवसांच्या ट्रिपला नवरा-बायकोचे १२० डॉलर झाले. वर कॅम्पच्या स्टाफचे साठेक धरा. डॉलर ८५-९० रुपयांना धरला तर सगळं मिळून पंधरा-सोळा हजारांच्या आसपास जातं. जास्त वाटतंय? आता हे ऐका, मसाई मारात परदेशी प्रौढ माणसाला जुलै ते डिसेंबर गेटवर दिवसाला २०० डॉलर पडतात, २०२४ पासून तसा रेट आहे, तो पॅकेजमध्ये आत जातो म्हणून आपल्याला दिसत नाही आणि दुखत नाही. तिथे आपण हूं का चूं करत नाही आणि ड्रायव्हरच्या दहा डॉलरवर मीटिंग भरवतो! माझं म्हणणं एवढंच की ट्रिपचं बजेट काढता तेव्हाच टिप हा एक खर्च म्हणून लिहा, व्हिसाचा लिहिता, इन्शुरन्सचा लिहिता तसाच. पैसे घरूनच वेगळ्या पाकिटात घाला आणि त्या पाकिटाला खरेदीसाठी हात लावू नका. मग शेवटच्या रात्री चर्चाच होत नाही.

कॅम्पचं वेगळं असतं. मारात रात्री चांगली थंडी पडते, उंचावर आहे ना. तुम्ही जेवून तंबूत येता, पांघरुणात पाय घालता आणि पायाला काहीतरी गरम, मऊ लागतं, आमच्या ग्रुपमधल्या एक काकू किंचाळल्याच होत्या, त्यांना वाटलं जनावर शिरलं! ती रबरी गरम पाण्याची पिशवी असते, तुम्ही जेवत असताना कोणीतरी ठेवून गेलेलं असतं. ती कोणी ठेवली ते तुम्हाला कधीच दिसत नाही. भांडी घासणारे, कपडे धुणारे, रात्री टॉर्च घेऊन तुम्हाला तंबूपर्यंत सोडणारा अस्कारी म्हणजे पहारेकरी, कारण कुंपण नसतं आणि पाणघोडा वाटेत उभा असू शकतो. या सगळ्यांसाठी रिसेप्शनवर टिप बॉक्स असतो, त्यात माणशी दिवसाला ५ डॉलरच्या आसपास, निघताना एकदाच टाकायचे. रोज समोर दिसणाऱ्या वेटरलाच सगळं देऊन टाकलंत तर मागची मंडळी कोरडी राहतात. बॅगा उचलणाऱ्याला मात्र तिथल्या तिथे, बॅगेमागे शंभर-दोनशे केनियन शिलिंग.

नोटांचं नीट ऐका, इथे आपले लोक हमखास अडकतात. डॉलरच्या नोटेवर मालिकेचं वर्ष छापलेलं असतं. २००६ च्या आधीची नोट पूर्व आफ्रिकेत कोणी घेत नाही, त्यामुळे इथे मनी चेंजरकडे बसूनच प्रत्येक नोट बघा आणि २०१३ किंवा नंतरच्याच मागा. फाटलेली, पेनने आकडा लिहिलेली, टेपने चिकटवलेली नको. आपल्याकडे चेंजर १०० च्या नोटांची चळत हातात ठेवतो, त्याला सांगून १०, २० च्या घ्या, नाहीतर तिकडे सुट्ट्यासाठी कॅम्पच्या मॅनेजरमागे फिरावं लागतं. पण ड्रायव्हरला एक-एक डॉलरच्या वीस नोटा देऊ नका हं, त्याला बदलून घेताना छोट्या नोटांना भाव कमी मिळतो. आणि नाणी तर अजिबातच नाही, डॉलरची, दिरहमची, कसलीच नाही, ती तिथे बदलूनच मिळत नाहीत. किरकोळ द्यायला शिलिंगच बरे. केनियात सगळा कारभार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायच्या सोयीवर चालतो, २००७ पासून आहे ते, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी, पण त्याला तिथलं सिम लागतं, चार दिवसांसाठी तो खटाटोप कोण करणार.

बाकरवडी, चिवडा, लाडू जरूर द्या, ड्रायव्हर आवडीने खातात. पण पाकिटाबरोबर द्या, पाकिटाऐवजी नको.

आता जरा नावडतं बोलते. टिपचा एक वापर आपले लोक करतात तो मला अजिबात चालत नाही. भाऊ, अजून थोडं पुढे घे, टिप देतो. मारात रस्ता सोडून गाडी घालायला बंदी आहे, दंड होतो, सिंह-चित्त्याभोवती एका वेळी पाचच गाड्या असा नियम आहे, आणि पकडलं तर अडकतो ड्रायव्हर. विल्डेबीस्ट, म्हणजे कळपाने फिरणारी ती मोठी हरणं, नदी ओलांडायला काठावर येतात तेव्हा तर गाड्या अशा दाटी करतात की कळपाची वाटच अडते, पुढचे बिचकतात आणि सगळा कळप मागे फिरतो. दहा डॉलरचं आमिष दाखवून तुम्ही त्या माणसाला पेचात टाकता, नाही म्हणाला तर टिप जाणार, हो म्हणाला तर काम जाणार. मी ग्रुपला पहिल्याच दिवशी सांगते, जो ड्रायव्हर तुम्हाला नाही म्हणाला त्याला पाच डॉलर जास्त द्या.

बाकीचे देश भराभर घेते. दक्षिण आफ्रिकेत क्रुगर नॅशनल पार्कजवळच्या खासगी लॉजमध्ये रेंजर गाडी चालवतो आणि बॉनेटवरच्या खुर्चीत ट्रॅकर बसतो, दोघांना वेगवेगळं द्यायचं, ट्रॅकरला विसरायचं नाही कारण ठसे त्यानेच शोधलेले असतात. तिथे रँडमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात द्या. हॉटेलात जेवलात तर बिलाच्या १० ते १५ टक्के. युगांडात गोरिला बघायला ८०० डॉलरचं परमिट काढून जाता, तिथे ब्विंडीच्या जंगलात आजूबाजूच्या गावातले पोर्टर मिळतात, गुडघे ठणठणीत असले तरी एक घ्या. किलिमांजारोला आपली ट्रेकर मंडळी भरपूर जातात, तिथला प्रकार निराळा, एका माणसामागे तीन-चार जणांचं पथक असतं, आणि तिथे टिप सगळ्यांसमोर जाहीर करतात, मुख्य गाइडला एवढे, कुकला एवढे, प्रत्येक पोर्टरला एवढे. कागदावर लिहून मोठ्याने वाचा. नुसता गठ्ठा गाइडच्या हातात दिलात तर खाली पोर्टरपर्यंत काय पोचलं ते तुम्हाला कळणार नाही.

बोला, काय विचारताय? हां, पॅकेजमध्ये टिप इन्क्लुडेड लिहिलंय तर? मग कंपनीला मेलवर विचारा, कोणाची इन्क्लुडेड आहे, ड्रायव्हरची की फक्त हॉटेल स्टाफची. उत्तर गुळमुळीत आलं तर ड्रायव्हरची नाही असं धरून चाला.

आणि ड्रायव्हर वाईट निघाला तर? सतत फोनवर, उशिरा येणारा, असे असतात की. मग दुसऱ्याच दिवशी कंपनीला कळवा, गाडी बदलून मिळते. सहा दिवस आतल्या आत चडफडत शेवटी पाकिटातून दोन नोटा काढून घेण्यात काय अर्थ आहे, त्याला कारणच कळत नाही.

पाकीट कधी द्यायचं, हो, हे राहिलंच. एअरपोर्टवर देऊ असं ठरवू नका. नैरोबीला एअरपोर्टच्या अलीकडेच सिक्युरिटीसाठी सगळ्यांना गाडीतून उतरवतात, तुम्ही एका बाजूने चालत जाता, गाडी दुसरीकडून तपासून येते, मग पुन्हा बसा, पुढे बॅगा उतरवा, ट्रॉली शोधा, कोणाचा पासपोर्ट सापडत नाही, मागची गाडी हॉर्न देतेय. त्या गडबडीत माणसाशी धड दोन शब्द बोलणं होत नाही. शेवटच्या जेवणाला थांबता तिथेच, सगळ्यांनी मिळून, एक जण पुढे होऊन द्या, नाव घेऊन असांते साना, म्हणजे स्वाहिलीत खूप आभार, म्हणा, आणि मग जेवा.