रोप आडवं दिसलं की आधी माती उकरा

नमस्कार मंडळी. आज फक्त एका अळीबद्दल बोलायचंय, कटवर्म, म्हणजे रोपं कुरतडणारी अळी. आता पाऊस संपत आलाय, सगळ्यांची कोबी, फ्लॉवर, टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं लावायची घाई चाललीय आणि नेमकं ह्याच दिवसांत ती आपला सगळा उत्साह घालवते, म्हणून हा विषय घेतला.

माझंच सांगतो. परसबागेत कोबीची २४ रोपं लावली होती, उन्हं उतरल्यावर लावली, झारीनं पाणी दिलं, सगळं व्यवस्थित. सकाळी बघतो तर ७ रोपं आडवी पडलेली. पानं हिरवीगार, ताजी, आणि देठ मातीला लागून कात्रीनं कापल्यासारखा. मला वाटलं उंदीर असणार. तर मी काय केलं, पानांवर निंबोळी तेल फवारलं, आणि त्याच खड्ड्यांत नवीन रोपं आणून लावली, आणि दोन दिवसांत तीपण गेली. तेव्हा शेजारच्या आजी आल्या, आख्खं आयुष्य शेतात गेलेलं त्यांचं, काही न बोलता खुरपं घेतलं, पडलेल्या रोपाच्या बुडाशी इंचभर माती बाजूला केली आणि एक जाडजूड मातकट अळी हातावर ठेवली. गोल वेटोळं करून बसलेली. म्हणाल्या, "इथंच निजलीय बघ. जेवण इथं असल्यावर ती लांब कशाला जाईल?"

मला आज तुम्हाला हेच सांगायचंय. कापलेलं रोप दिसलं की फवारणीचा पंप काढू नका, नवीन रोप तर अजिबात लावू नका, आधी त्या रोपाच्या भोवती वीतभर गोलात वरची दोन इंच माती बोटांनी नाहीतर खुरप्यानं उकरा. बहुतेक वेळा ती तिथंच सापडते. हात लागला की इंग्रजी सी सारखी गोल होते, अंग काळपट राखाडी आणि तेल लावल्यासारखं चकचकीत, पूर्ण वाढली की ४ ते ५ सेंटिमीटर लांब. उचलायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. ती एक राहिली तर रात्रीत तीन-चार रोपं पाडू शकते, कारण रोप पूर्ण न खाता नुसतं कापून पुढच्याकडे जाते, कधी कधी कापलेला शेंडा ओढून स्वतःच्या बिळात नेते.

आता उंदीर की अळी की रोग, हे कसं ओळखायचं, हा प्रश्न मला दरवेळी येतो. रोपमर असेल तर बुडाशी देठ पाणी पिऊन मऊ पडतो, सडतो, बारीक होतो आणि मग रोप कोलमडतं. हुमणी असेल तर ती मुळं खाते, रोप उभ्या-उभ्या सुकतं आणि ओढलं की हातात येतं. गोगलगाय असेल तर चकाकणारा चिकट माग दिसतो. आणि देठ ताजा, कडक, पण जमिनीलगत कापलेला असेल तर कटवर्मच धरून चाला आणि उकरून खात्री करा.

ही अळी येते कुठून? आपल्याकडे जास्त करून जी दिसते तिचं शास्त्रीय नाव अ‍ॅग्रोटिस इप्सिलॉन. तिचा पतंग मातकट रंगाचा, रात्री उडतो, एक मादी हजाराच्या वर अंडी घालू शकते, आणि ती घालते कुठं तर गवतावर, तणावर, ओलसर पाला पडलाय अशा ठिकाणी. लहानपणी अळी तिथंच पानं खाते, कोणाच्या लक्षातही येत नाही. मोठी झाली की उजेड टाळते, दिवसा मातीत आणि रात्री वर. तिचं बहुतेक खाणं शेवटच्या अवस्थेतच होतं. म्हणजे बघा, आपण वाफा साफ करून दुसऱ्याच दिवशी रोपं लावतो तेव्हा तणावर वाढलेली भुकेली अळी आधीच मातीत बसलेली असते, तिचं जेवण आपण उपटून फेकलेलं असतं, आणि समोर आपलं एकच कोवळं रोप. मग ती दुसरं काय खाणार?

म्हणून तण काढणं आणि लागवड ह्यात दोन-तीन आठवडे ठेवा. एवढं एक केलंत तरी निम्मा त्रास कमी होतो असा माझा अनुभव आहे. मधल्या काळात माती एकदोनदा खालीवर करा, अळ्या आणि कोष उघडे पडतात, मैना आणि कोतवाल त्यांचं काम चोख करतात, तुम्ही फक्त तिथून बाजूला व्हा.

बिहारमध्ये मोकामा टाल म्हणून गंगेकाठचा सखल भाग आहे, पावसाळ्यात तिथं पाणी भरतं आणि ओसरलं की हरभरा, मसूर पेरतात, तिथं ही अळी फार जुनं दुखणं आहे. तिथल्या शेतकऱ्याला एकेका रोपाभोवती अळी अडवायला पुठ्ठ्याचं कडं, म्हणजे कॉलर, लावणं शक्यच नाही. आपल्याला २०-३० रोपं असतात, आपल्याला ते जमतं, म्हणून आपण तरी लगेच विषाकडे धावू नये असं मला मनापासून वाटतं, घरात लहान मुलं असतात, कुत्री-मांजरं असतात, आणि तीच भाजी आपण खाणार असतो.

कॉलर करायची पद्धत सोपी आहे. चहाचा कागदी कप घ्या, तळ कापून टाका, किंवा टिश्यू पेपरच्या रोलमधली पुठ्ठ्याची नळी कापून घ्या, साधारण ७-८ सेंटिमीटर उंचीची. रोपाभोवती ठेवून २-३ सेंटिमीटर मातीत दाबायची, बाकी वर. देठाला चिकटता कामा नये. आणि महत्त्वाचं, कॉलर बसवायच्या आधी आतली माती उकरून बघा, नाहीतर अळी आतच कोंडली जाते आणि रोपाचं काही खरं नाही, माझं एकदा असंच झालंय. कप नसेल तर वर्तमानपत्राची पट्टी देठाला दोन वेढे सैलसर गुंडाळून लावा, अर्धी मातीत अर्धी वर, ती पुढे आपोआप कुजते. अंड्याची टरफलं आणि राख मी दोन्ही करून बघितलं, पाणी घातलं की त्याचा काही उपयोग राहत नाही.

ज्यांच्याकडे जास्त रोपं आहेत त्यांनी संध्याकाळी वाफ्यात ओल्या गवताचे छोटे छोटे ढीग ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आत उचला, खाली अळ्या जमलेल्या असतात, वेचा. रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन गेलात तर देठावर चढलेली प्रत्यक्ष सापडते, लागवडीनंतरचे पहिले चार-पाच दिवस तरी हे कराच.

टेरेसवाल्या ताईंनी विचारलंय, कुंडीत येते का? येते, शेतातली माती किंवा शेणखत न चाळता भरलं तर त्यातून येते, म्हणून पसरून, चाळून, दोन दिवस उन्हात ठेवून मग भरा. आणि कॉलर कधी काढायची, तर देठ पेन्सिलीएवढा जाड आणि कडक झाला की, साधारण तीन आठवड्यांनी, पुठ्ठा असेल तर काढूही नका, मातीतच विरघळू द्या.