झाड बघ, दाणा नंतर

(दृश्य: घराचा सोपा. आईच्या मांडीवर सूप, सुपात घेवड्याचे लाल दाणे.)

भोगावतीच्या काठावरचं आमचं गाव, करवीर तालुक्यातलं. घेवड्याची मळणी होऊन चार दिवस झालेत. आई सुपात दाणे घेऊन बसली आहे. किडका, फुटका, सुरकुतलेला दाणा ती बाजूला काढते आणि टपोरा दाणा पुढच्या टोकणीसाठी डब्यात टाकते. गावात कुठल्याही घरी जा, बियाणं असंच निवडलेलं दिसेल.

किडका दाणा पेरायचा नाहीच. पण टपोरा दाणा पेरला म्हणजे पुढचं पीक टपोरं येईल, ही आशा घेवड्याच्या बाबतीत बऱ्याचदा फोल ठरते. आणि हे ज्यांनी सिद्ध केलं, त्यांनी ते घेवड्यावरच सिद्ध केलं.

डेन्मार्कचे विल्हेल्म योहानसेन. त्यांनी 'प्रिन्सेस' जातीचा घेवडा घेतला आणि एकेका दाण्यापासून वाढलेली वंशावळ वेगवेगळी ठेवली. मग एकाच वंशातले जड दाणे एकीकडे पेरले, हलके दाणे दुसरीकडे. दोन्हीकडच्या पिकात दाण्याचं सरासरी वजन जवळपास सारखंच भरलं. हे त्यांनी १९०३ मध्ये छापलं. पुढे १९०९ मध्ये 'जीन' हा शब्दही त्यांनीच दिला, ज्याला आपण जनुक म्हणतो. या शब्दामागे घेवड्याचे दाणे आहेत, हे मला कळलं त्या दिवसापासून आईच्या सुपाकडे मी वेगळ्या नजरेनं बघते.

एकाच झाडावर एक दाणा मोठा आणि एक बारीक का होतो? एकाला शेंगेत जागा बरी मिळाली, एकाची शेंग भरताना पाणी कमी पडलं. रक्त दोघांचं एकच. जड दाण्याच्या अंगात जास्तीचं असं काही नसतं.

माझी चुलतआजी सूप घेऊन कधी बसायचीच नाही. ती उभ्या पिकात जायची आणि मनाला आलेल्या झाडाला लुगड्याची चिंधी बांधायची. त्या झाडाच्या शेंगा भाजीला तोडल्या की बोलणी खावी लागत. "दाणं काय बघतीयास, झाड बघ की गं," हे तिचं वाक्य. लहानपणी ते मला नुसतं रागावणं वाटायचं.

(दृश्य: घेवड्याचं फूल अगदी जवळून. आतली वळलेली पाकळी.)

आता हे फूल बघा. बाहेर एक मोठी पाकळी, दोन बाजूंना दोन पंख, आणि आत शंखासारखी पीळ घेतलेली पाकळी. या पिळाच्या आत स्त्रीकेसर आणि दहा पुंकेसर कोंडलेले असतात. फूल उमलायच्या सुमाराला आतल्या आत पराग सुटतात आणि फळधारणा होऊन जाते. मधमाशीची वाट बघायची गरज उरत नाही. म्हणून शेजारी दुसऱ्या जातीचा घेवडा असला, तरी तुमचं बी बहुतेक शुद्धच राहतं. क्वचित भुंग्यानं घोळ घातला तर तेवढाच.

शेतकऱ्याला याचा मोठा फायदा आहे. चांगली जात एकदा हाती आली की दरवर्षी बी विकत घ्यावं लागत नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा 'वरुण' राजमा (राजमा म्हणजेही घेवडाच) असो, नाहीतर हिरव्या शेंगांसाठी लावतात तो बंगळूरूचा 'अर्का कोमल' असो, घरचं बी ठेवून पुन्हा पेरता येतं. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यातही शेतकऱ्याला आपलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित जातीचं बी तिच्या नावाचा छाप मारून विकायचं नाही, एवढंच.

पण याच शुद्धपणामुळे घेवडा जागच्या जागी राहतो. जे आहे तेच पुन्हा येतं. नवीन काही हवं असेल तर दोन घराण्यांची सोयरीक आपल्यालाच जमवावी लागते.

(दृश्य: संध्याकाळ. हातात बारीक चिमटा, कळीवर वाकलेला चेहरा.)

ही सोयरीक मी तीन हंगाम शिकत होते. आई म्हणून शेतातला झुडपी लाल राजमा घेतला. बाप म्हणून परड्यातला वेलाचा, पट्ट्यापट्ट्यांचा घेवडा. त्याचं बी आमच्या कोरेगावच्या पाहुण्यांनी दिलेलं. (कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मातीची चव आमटीत उतरते, हे आमच्याकडचे लोकही मान्य करतात.) झुडपी राजमा लवकर हाती येतो. चवीला मात्र वेलाचा घेवडा तो वेलाचाच. कांदा-लसूण चटणी घालून त्याची आमटी केली की भाकरीला दुसरं काही लागत नाही.

उद्या सकाळी उमलेल अशी फुगलेली कळी निवडायची. पाकळ्या हळूच बाजूला सारून दहाही पुंकेसर खुडायचे. स्त्रीकेसराला धक्का लागला की कळी गेली. मग बापाच्या ताज्या फुलातलं परागानं माखलेलं स्त्रीकेसर काढायचं. त्याचं टोक मुळात आकड्यासारखं वळलेलं असतं. ते या कळीतल्या टोकाला अडकवायचं, आकड्यात आकडा, आणि पाकळ्या परत मिटवायच्या. देठाला लाल दोरा, चिठ्ठीवर तारीख. पहिल्या हंगामात माझ्या बहुतेक कळ्या तिसऱ्या दिवशी गळून पडल्या. ऊन फार होतं. रात्रीसुद्धा उकाडा राहिला तर घेवडा आपणहून फुलं टाकतो, मग आपण छेडलेली कळी कशी टिकायची? पुढच्या वेळी पावसानं उघडीप दिल्यावर, गार दिवसांत बसले, तेव्हा शेंगा धरल्या.

त्या शेंगेतले दाणे बघून मी खट्टू झाले. पट्ट्यांचा पत्ताच नाही, नुसते आईसारखे लाल. मग कळलं, दाण्याची साल आईच्या अंगाची असते. सोयरीक जमली की नाही हे ते दाणे पेरल्यावरच कळतं. झुडपी आईच्या पोटी वेल चढायला लागला की समजायचं, बापाचं रक्त आलं.

खरी गंमत त्याच्या पुढच्या पिढीत आहे. ओळीत दोन झाडं सारखी नाहीत. एक वेल, एक झुडूप. एक पंधरा दिवस आधी वाळलेलं, दुसरं अजून हिरवंगार. शेंगा फोडल्या तर एका झाडात सगळे दाणे लाल, शेजारच्यात सगळे पट्ट्यांचे, त्याच्या पलीकडे मातकट. पण एका झाडात सगळे एकाच रंगाचे! चुलतआजी उभ्या पिकात चिंधी का बांधायची, याचं उत्तर त्या ओळीत उभं होतं. सुपात ही सगळी झाडं एकत्र मिसळून जातात. रानात ती वेगवेगळी उभी असतात.

(दृश्य: उसाची सरी, वरंब्याच्या बगलेला घेवडा.)

आता झाड बघायचं म्हणजे काय बघायचं? आमच्याकडे आधी ऊस, मग बाकी सगळं. घेवडा येतो तो उसाच्या लावणीत, आंतरपीक म्हणून. ऊस मोठा होऊन सावली धरायच्या आत त्याला निघावं लागतं, म्हणजे तीन महिन्यांच्या आत-बाहेर. उसावर चढणारा वेल कुणाला नको असतो. म्हणून झुडपी आणि लवकर वाळणारं झाड हवं.

दुसरी गोष्ट खताची. कडधान्य आहे, मुळावरच्या गाठींतून नत्र आपोआप मिळेल, असं धरून लोक घेवड्याला खतच देत नाहीत आणि मग पानं पिवळी पडतात. हरभऱ्यासारख्या भरघोस गाठी घेवड्याला आपल्या मातीत येत नाहीत. राजम्याला हेक्टरी ९० ते १२० किलो नत्राची शिफारस असते. तृणधान्याला द्यावं तेवढं. उसाच्या खतावर तो निभावतो, पण नुसत्या रानात उपाशी राहतो.

तिसरं रोगाचं, आणि इथं माझा जीव जळतो. एका वर्षी आम्ही दुकानातून सुटं बी आणलं. महिन्याभरात पानं चुरमडली, हिरवी-पिवळी झाली. मोझाईक. हा विषाणू बियातूनच येतो आणि मावा तो झाडाझाडावर नेतो. टपोऱ्या दाण्यावर त्याची खूण नसते. चुरमडलेलं झाड मात्र लांबून दिसतं. तेव्हाच ते उपटून टाकलं असतं तर शेजारचं वाचलं असतं. शेंगेवर काळे, खोलगट डाग दिसले तर तो करपा. त्याही झाडाचं बी ठेवायचं नाही.

(दृश्य: जगाचा नकाशा. मेक्सिको आणि अँडीज पर्वत.)

घेवडा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोच्या बाजूला आणि अँडीज पर्वतात, अशा दोन ठिकाणी माणसानं तो वेगवेगळा माणसाळवला. तांबड्या रश्श्यातली मिरची आणि मकाही त्याच खंडातून आले. कोलंबियात पाल्मिरा इथल्या संशोधन केंद्रात घेवड्याचे ३५ हजारांहून जास्त नमुने जपून ठेवलेत. अँडीजकडचे दाणे मोठे, मेक्सिकोकडचे बारीक. एका घराण्याला झेपत नाही तो रोग दुसरं घराणं पचवतं, म्हणून पैदासकार या दोघांची सोयरीक मुद्दाम जमवतात. कधीकधी त्यातून निपजलेली रोपं खुरटून मरतात, दोन घराण्यांची जनुकं एकमेकांना सोसत नाहीत. म्हणून एकाच जोडीवर थांबायचं नसतं.

(दृश्य: पुन्हा सोपा. फळीवर ओळीनं काचेच्या बरण्या.)

माझ्या बरण्या अकरा आहेत. प्रत्येकीत एका झाडाचं बी. ही तिसरी पिढी. वाण स्थिर व्हायला अजून तीन-चार पिढ्या तरी हव्यात. वर्षात दोन पिकं साधली तर दोन वर्षं. सात नंबरची बरणी मला आवडते. झुडपी झाड, पट्ट्यांचा दाणा. पण आमटी करून बघण्याएवढं बी अजून नाही.

आईनं सूप खाली ठेवलंय. जुन्या लुगड्याच्या काठाच्या ती बोटभर रुंदीच्या चिंध्या फाडते आहे.

"किती लागतील?" तिनं विचारलं.

"वीस पुरे."

"तीस करते. लांबच्या वाफ्यात मी बांधीन."