पेन्सिलीच्या फुल्या

(दृश्य : टेबलावर कर्जाची फाइल. पाने उलटणारा हात. चेहरा नाही.)

या फुल्या नीट पाहा. पेन्सिलीने मारल्या आहेत, हलक्या हाताने. फुली दिसली की सही करायची, एवढेच ताईंना सांगितले होते. ताई, म्हणजे ज्यांच्या नवऱ्याचा धंदा पुढे कर्जात बुडाला त्या. फाइलमध्ये अशा एकवीस फुल्या आम्ही मोजल्या. प्रत्येक फुलीवर ताईंची सही आहे, वळणदार, शाळेत गिरवलेली. सहीखाली बारीक अक्षरात छापलेला शब्द आहे ‘सहकर्जदार’. तो शब्द त्यांनी पहिल्यांदा वाचला तो सहा वर्षांनी, वकिलांच्या टेबलावर.

घर दोघांच्या नावावर आहे. वर्कशॉप मात्र एकट्या नवऱ्याचे होते. लेथ, वेल्डिंग, गेट आणि ग्रिलची कामे. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले. मग लोखंडवाल्याची उधारी थकली, पतसंस्थेचे हप्ते थकले, शेवटी घराचेही. ती पडझड आमच्याकडे चित्रित नाही. आहे ते हे बंद शटर.

(दृश्य : जिल्हा न्यायालयाची कमान.)

आत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून कमानीशीच थांबू. एवीतेवी इथे एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. पूर्वी पेढी बुडाली की सावकार भरदिवसा दारात दिवा लावून बसायचा, त्यावरून दिवाळे निघणे आले, असे सांगतात. कोर्टाच्या मराठीत मात्र ‘दिवाळखोर’ हा शब्द क्वचितच येतो. तिथे शब्द आहे ‘नादार’, म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही असा. शिवी वाटत नाही, हे त्याचे बरे आहे.

नादारीचा कायदा मुंबई शहरासाठी वेगळा, १९०९ सालचा. तिथले अर्ज उच्च न्यायालयात जातात. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० सालचा. २०१६मध्ये नवी दिवाळखोरी संहिता आली. तिच्यातला व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. लेथवर काम करणाऱ्या माणसासाठी इंग्रजांच्या काळातलाच कागद चालतो. त्या मूळ कागदात अर्जासाठी किमान देणे लिहिले आहे पाचशे रुपये! या फाइलवरचा गोंदही त्याहून महाग पडला असेल.

पण १९२०च्या याच जुन्या कायद्यात एक छोटे पोटकलम आहे. कलम ४४, पोटकलम ३. नादार माणूस कोर्टाच्या हुकमाने देण्यातून मोकळा झाला, तरी त्याच्याबरोबर संयुक्तपणे बांधलेला माणूस मोकळा होत नाही. त्याचा जामीनदारही होत नाही. बायको असली तरीही. कायद्याला तिथे बायको दिसतच नाही, सही दिसते.

(दृश्य : खाटेवर दोन मोबाइल शेजारी शेजारी. एक वाजतो.)

नवरा नादार ठरला त्या दिवसापासून त्याची मालमत्ता कोर्टाच्या, म्हणजे कोर्टाने ती सांभाळायला नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात गेली. कोर्टाच्या परवानगीवाचून साध्या धनकोंना, म्हणजे तारण न घेता पैसे दिलेल्यांना, त्याच्यामागे लागता येत नाही. त्याचा फोन शांत झाला. वाजतोय तो ताईंचा.

लोखंडवाल्याचा नाही. तो व्यवहार एकट्या नवऱ्याचा, त्याच्याशी ताईंचा संबंध नाही, लग्नाने तो जोडला जात नाही. फोन पतसंस्थेचा आहे. तिथे ताई जामीनदार आहेत. सहकार कायद्याच्या कलम १०१खालचा वसुली दाखला दोघांच्या नावाने निघालाय. इथे बहुतेकांना वाटते तसे ताईंच्या वाट्याला अर्धे कर्ज येत नाही. सगळे येते. १८७२चा करार कायदा सांगतो की संयुक्त देणेकऱ्यांपैकी कुणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते, आणि जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच, म्हणजे कर्ज घेणाऱ्याइतकीच. भरलेले पैसे ताई नवऱ्याकडे मागू शकतात. म्हणजे रिसीव्हरकडे, बाकीच्या धनकोंच्या रांगेत उभे राहून.

(दृश्य : स्वयंपाकघर. फडताळातली भांडी. शिलाई मशीन.)

आता घरात येऊ. नादारीच्या अर्जाआधी लोखंडवाल्याची दरखास्त, म्हणजे कोर्टाच्या निकालाप्रमाणे वसुली करून मागणारा अर्ज, निघाली होती, तेव्हा बेलीफ याच दारातून आत आले. तेव्हा आम्ही नव्हतो. शेजाऱ्यांनी सांगितलेल्या क्रमाने कॅमेरा फिरवला आहे. बेलीफ सकाळी आले, उन्हे वर आल्यावर. त्यांना तसेच यावे लागते. १९०८च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी जप्तीसाठी कुणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही.

आणि ही भांडी. यांना हात लावता आला नाही. त्याच संहितेच्या कलम ६०मध्ये यादीच आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, खाटा, अंथरूण-पांघरूण. एकट्या ऋणकोचे नव्हे, त्याच्या बायकोमुलांचेही. कारागिराची हत्यारे. आणि धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने. म्हणून मंगळसूत्र गळ्यात राहिले. नादारीतही हीच यादी चालते. यातले काही रिसीव्हरकडे जात नाही.

टीव्ही यादीत नाही. फ्रिज नाही. हे लोखंडी कपाटही नाही.

कपाट ताईंच्या माहेरचे, लग्नात आलेले. लग्नात स्त्रीला मिळालेल्या वस्तू स्त्रीधन, त्या तिच्याच मालकीच्या, नवऱ्याचा त्यांत हिस्सा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५मध्ये प्रतिभा राणी खटल्यात हे ठामपणे सांगितले. पण बेलिफासमोर कपाट उभे होते ते नवऱ्याच्या राहत्या घरात, आणि कपाट बोलत नाही. त्याची नोंद झाली. मग हरकत अर्ज आला, लग्नाचा अल्बम आला.

या फोटोवर आम्ही जरा थांबतो. मांडवाच्या कोपऱ्यात कपाट, त्यावर कुंकवाची बोटे, बाजूला ताईंचे वडील. हरकत या फोटोवर टिकली. खरे तर फोटोची गरजच पडायला नको होती. १९८५च्या हुंडा प्रतिबंधक नियमांखाली वधूला मिळालेल्या भेटवस्तूंची लेखी यादी ठेवायची असते. वस्तू, अंदाजे किंमत, कुणी दिली, नाते काय, आणि खाली वधूवर दोघांची सही. अख्ख्या मांडवात आहेराची वही लिहिणारा माणूस असतो, ही यादी लिहिणारा नसतो. चित्रीकरणात आम्ही ज्या ज्या घरी गेलो तिथे ती मागितली. एकाही घरात निघाली नाही.

(इथे निवेदन थांबते. शिलाई मशीनचा आवाज, १० सेकंद.)

मशीन ताईंनी स्वतःच्या कमाईतून घेतले. पावती त्यांच्या नावावर, त्यामुळे वाद झाला नाही. उद्या पतसंस्था जामीनदार म्हणून ताईंच्याच वस्तूंवर आली, तर कारागिराची हत्यारे म्हणून मशीन सोडवायचा वकिलांचा विचार आहे.

पत्र्याखाली ही स्कूटर. अर्जाच्या आठ महिने आधी नवऱ्याने ती ताईंच्या नावावर केली, पैसे न घेता. कुणीतरी सुचवले होते की, नावावर करून टाका, वाचेल. वाचत नाही. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांतली अशी बक्षिसे रिसीव्हर कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकतो. शिवाय त्या एका कागदामुळे बाकीच्या खऱ्या मालकीवरही संशय येतो, हे वकिलांनी आम्हाला दोनदा सांगितले. म्हणून इथेही दोनदा : ऐनवेळी बायकोच्या नावावर करू नका. ऐनवेळी बायकोच्या नावावर करू नका.

घराचे म्हणाल तर, नादारीने रिसीव्हरकडे जातो तो नवऱ्याचा हिस्सा. पण घर बँकेकडे गहाण आहे, दोघांच्या सहीने, आणि तारणावरचा बँकेचा हक्क नादारीने थांबत नाही. थकबाकी भरण्यासाठी बँकेची साठ दिवसांची नोटीस मार्चमध्ये आली. लिलावात कर्ज फेडून काही उरले, तर ताईंच्या हिश्शाचे ताईंना.

(दृश्य : रिकामी भिंत, खिळा, फोटोची चौकट होती तिथला फिका चौकोन.)

(दृश्य : दुसरे टेबल, नवी फाइल.)

लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार लागतो, आणि नादार ठरलेला बाप चालणार नाही. म्हणजे ताईच. समोरच्या माणसाने पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या आहेत.

आम्ही कॅमेरा चालू ठेवला. पंचवीस मिनिटे झाली. ताई चौथ्या पानावर आहेत. सहकर्जदार या शब्दाखाली त्यांनी बोट धरलेय, आणि समोरच्या माणसाला खुर्ची ओढून जवळ बसायला सांगितलेय.